ते स्वप्न पडलं कुणाला

“काल परत आला तो,” पोशव्वा म्हणाली.

ओट्यावर बसलेल्या बाकीच्या तिघींच्या कात्र्या थांबल्या. मी खिडकीच्या आत बसून विड्या तपासत होतो. हातात मल्लव्वाचा कट्टा होता, पंचवीस विड्यांचा. त्यातली तिसरी विडी बोटांत फिरवता फिरवता माझेही हात थांबले. ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी ती विडी उगाच नाकाशी धरली. विडीचा वास कुणी तपासत नाही. हे चेकरला ठाऊक असतं आणि विड्या वळणाऱ्या बायकांना त्याहून जास्त ठाऊक असतं.

“कसा होता गं?” बालामणीनं विचारलं.

“तसाच. हात कोपरापर्यंत पांढरे. चुन्याच्या डब्यात बुडवल्यागत.”

मी माझे हात टेबलाखाली घेतले.

हे सगळं तेलुगूत चाललं होतं. सोलापुरात विडी कारखान्याच्या त्या शाखेत येणाऱ्या बहुतेक बायका पद्मशाली, घरात तेलुगू बोलणाऱ्या. मी बार्शीचा, जातीनं शिंपी, मला तेलुगूचं अक्षर येत नाही असा सगळ्यांचा समज होता. सुरुवातीला तो खराच होता. पण तीन वर्षं रोज सकाळी आठ ते दुपारी दोन एकाच खिडकीत बसल्यावर दगडालाही भाषा येईल. मला समजायला लागलं, आणि समजतं हे मी सांगितलं नाही. पहिल्यांदा सांगायचं राहून गेलं, मग सांगायची लाज वाटायला लागली, आणि शेवटी सांगणं परवडेना. कारण पोशव्वाच्या स्वप्नात मी यायला लागलो होतो.

म्हणजे मी की दुसरा कुणी, हाच तर घोळ होता. माझ्या दोन्ही हातांवर कोड. बोटं, पंजा आणि मनगटाच्या वर चार बोटं, तिथं ते येऊन थांबलं होतं. कोपर अजून बरंच लांब होतं. तेव्हा तो मी नव्हे, असं मी स्वतःला रोज सांगायचो. आणि मग विचार करायचो की स्वप्नात माणूस काय फूटपट्टी घेऊन बसतो का. चार बोटं काय आणि कोपर काय. तर तो मीच. संध्याकाळपर्यंत माझं असं दोन-तीनदा हो-नाही व्हायचं.

वय तेव्हा छत्तीस. लग्नाच्या बाजारात माझी गोष्ट चहा येईपर्यंत टिकायची. चहाचा कप उचलायला हात पुढे केला की मुलीकडची मंडळी एकमेकांकडे बघायची. अशी सात घरं झाली. त्यानंतर बार्शीच्या वहिनीनं पत्रातून तो विषय काढणं बंद केलं, आणि मी सोलापुरात एका खोलीत राहून दोन्ही वेळचं स्वतःचं स्वतः रांधून खायला लागलो. एकटेपणाचं मला फार काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. विचारणारं तसं कुणी नव्हतं, पण उत्तर तयार होतं.

आता ओट्यावरच्या चौघींबद्दल सांगितलं पाहिजे. बाकीच्या बायका घरी विड्या वळून सकाळी रांगेत आणून द्यायच्या. या चौघी कारखान्याच्या ओट्यावरच बसून वळायच्या, कारण त्यांच्या गल्लीत घरोघरी यंत्रमाग आणि त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. मल्लव्वा पन्नाशीची, नवरा आणि सात पोरं असलेली, सगळ्यांना दटावणारी. सुगुणा तिशीतली विधवा. नवऱ्यामागं भावाकडे राहायची आणि भावजयीच्या आधी कधी जेवायची नाही. ती इतकी कमी बोलायची की तिचा आवाज आठवायला मला वेळ लागायचा. बालामणी तिच्याच वयाची, पण लग्नच न झालेली, कारण बाप आंधळा आणि त्याला बघणारं दुसरं कुणी नाही. ती भांडखोर. माझ्याशी तर रोजचंच. खराब निघालेली विडी आम्ही चेकर बाजूला काढून मोडून टाकतो, तिला छाट म्हणतात. बालामणीची छाट काढली की ती खिडकीत डोकं घालून विचारायची, “हिला काय झालंय? ताप आलाय का?”

आणि चौथी पोशव्वा. साठीची, एकटी. डोळे जवळजवळ गेलेले. पान कापताना ती साचा बोटांनी चाचपायची. तिच्याच्यानं दिवसाला तीनशे विड्यासुद्धा धड होत नव्हत्या, पण तिच्या मजुरीच्या कार्डावर रोज हजार जमा व्हायच्या. कशा, ते मला ठाऊक होतं. विडीचं तोंड दुमडायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी असते. मल्लव्वा दोरा दोनदा फिरवते, बालामणी अंगठ्याच्या नखानं दाबते, सुगुणाच्या घड्या अशा एकसारख्या की मोडायला जीव होत नाही. पोशव्वाच्या कट्ट्यांत मला हे तिन्ही हात दिसायचे. एकीनं वळलेल्या विड्या दुसरीच्या कार्डावर चढवायला सक्त मनाई होती. कळलं की दोघींचीही कार्डं जायची, आणि डोळेझाक करणारा चेकरही जायचा.

मी डोळेझाक करत होतो. आधी दया म्हणून. नंतर स्वप्न पुढं काय होतं ते ऐकायचं म्हणून. पोशव्वा त्या विड्यांच्या बदल्यात रोज सकाळी रात्रीचं स्वप्न सांगायची, असा त्यांच्यात एक न बोललेला रिवाज होता. हात कामात, कान मोकळे. कधी मल्लव्वाचा पळून गेलेला थोरला पोरगा स्वप्नात येऊन भात मागायचा, कधी कुणाचं मेलेलं माणूस दारात उभं राहायचं. गेले तीन महिने मात्र तो पांढऱ्या हातांचा माणूस येत होता.

एकदा तो मार्कंडेयाच्या रथाच्या गर्दीत हरवला होता आणि घरोघरी पाणी मागत होता. त्याचे हात बघून बायका दारं लावून घेत होत्या. त्यानंतर चार दिवस तो आलाच नाही आणि माझं कामात लक्ष लागेना. पाचव्या दिवशी आला. एका दारातून एक बाई तांब्या घेऊन बाहेर आली आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतायला लागली.

“मग?” सुगुणानं विचारलं. ती विचारते म्हणजे मोठीच गोष्ट.

“मग काय, तो पीत राहिला आणि ही ओतत राहिली. तांब्या काही संपेना.”

“बाई कोण होती?” हे मल्लव्वानं विचारलं.

“पदर होता तोंडावर. दिसली नाही.”

त्या दिवशी मी बाजारात जाऊन निळ्या रंगाचा सदरा घेतला. का घेतला हे मला सांगता आलं नसतं. आरशासमोर उभा राहून तो घालून बघितला, काढून ठेवला, परत घातला. अशी बाई असेल का कुठं, आणि असली तर ती ओट्यावर बसली असेल का, आणि बसली असली तर मला ते कसं कळणार, कारण मला तर तेलुगू येत नाही. माझा स्वतःच्या खोटेपणानं असा कोंडमारा झाला होता.

आणि मग हेड ऑफिसची चिठ्ठी आली. प्रत्येक शाखेनं पाच कार्डं कमी करायची. ज्यांचं काम खराब त्यांची नावं चेकरनं शनिवारी दुपारी बारापर्यंत आणून द्यायची.

चार नावं सोपी होती. दोघी आपापल्या मुलींकडे हैदराबादला जाऊन राहिल्या होत्या, एक वारली होती, एक दुसऱ्या कारखान्यात गेली होती. पाचवं नाव कुणाचं, हे कुणालाही विचारलं असतं तरी एकच उत्तर आलं असतं. पण पोशव्वाचं कार्ड गेलं म्हणजे विड्या वळायला मिळणारं तिचं पान-तंबाखू बंद, ओट्यावर येणं बंद. घरात तिच्याशी बोलायला भिंतीशिवाय कुणी नव्हतं. आणि ती गेली की तो पांढऱ्या हातांचा माणूसही ओंजळ धरून तसाच उभा राहणार. मी ठरवलं, चारच नावं द्यायची आणि पाचव्यासाठी मॅनेजर गोसावींच्या हातापाया पडायचं. गुरुवारपर्यंत माझं हे पक्कं होतं.

शुक्रवारी बालामणीच्या चार कट्ट्यांत मिळून सात विड्यांची छाट निघाली. काढायलाच हवी होती, दोरे सैल होते. मी मोडल्या. रांगेत पंधरा-वीस बायका उभ्या होत्या.

“सात?” ती म्हणाली, मराठीत. “नीट बघून मोडा की जरा.”

“बघूनच मोडतोय.”

“कुठं बघून? कान तिकडं ओट्यावर आणि हात हिकडं विड्यावर. मग छाट निघणारच की.”

मी म्हणालो, मला काय समजतंय तुमचं.

“सगळं समजतंय तुमाला,” बालामणी म्हणाली. “पहिल्या वर्षापासून समजतंय. आमाला म्हाईत न्हाई होय?”

रांगेतल्या बायका हसल्या. फार नाही, पदरात तोंड धरून. मल्लव्वानं बालामणीला गप्प बसवलं, सुगुणानं मान खाली घातली, आणि पोशव्वा न दिसणाऱ्या डोळ्यांनी खिडकीकडे बघत राहिली. माझे कान तापले. म्हणजे तीन महिने हे माझ्यासाठीच चाललं होतं. चेकरचा हात मऊ राहावा, पोशव्वाच्या कट्ट्यांतले तीन हात त्याला दिसू नयेत, म्हणून त्याच्यापुढं एक बाई आणि एक तांब्या धरला होता, आणि मी गाढवासारखा त्यात तोंड घालून पीत होतो. निळा सदरा त्या दिवशी अंगावरच होता.

मी कागद ओढला आणि पाचवं नाव लिहिलं. पोशव्वा येमूल. उलट दिशेनं कुणी वाचायचं म्हटलं तरी वाचता यावं इतकं ठळक लिहिलं.

ते लगेच ओट्यावर पोचलं. दोन वाजता बायका गेल्या, मी खिडकी लावायला उठलो तर पोशव्वा भिंत धरत धरत पुढं आली. तिनं कार्ड खिडकीच्या फळीवर ठेवलं.

“घ्या,” ती मोडक्या मराठीत म्हणाली. “माजा हात वाईट झालाय, त्ये खरंच हाय. पण अण्णा, एकच इचारते. कार्ड न्हाई तर मी ओट्यावर बसू का नको?”

मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, निदान शाप तरी देईल. तिनं फक्त बसू का विचारलं. माझा राग कुठं ठेवावा मला कळेना. मग मी ज्याचा राग आला होता तेच बोललो, आणि त्या शाखेत पहिल्यांदा तेलुगूत बोललो. माझं तेलुगू किती वाईट होतं ते माझ्या कानांनाच ऐकू आलं.

“माझी थट्टा का केलीत?”

ती दचकली नाही. तीही तेलुगूत बोलायला लागली आणि मग तिचं बोलणं सरळ झालं.

“थट्टा कुणाची, अण्णा? स्वप्नाची थट्टा करतं का कुणी?”

“स्वप्न कसलं. तुम्ही रचलंत ते.”

“मी कशी रचणार?” पोशव्वा म्हणाली. “मला झोप आहे कुठं? रात्रभर डोळ्यांत नुसती आग. पाच वर्षं झाली, मला एक स्वप्न पडलेलं नाही.”

मी फळीवरच्या कार्डाकडे बघत राहिलो. माझ्या डोक्यात काही जुळेना. “मग रोज सांगता ते?”

“त्यांचंच की. सकाळी येताना एकेकजण माझा हात धरून आणते ना, तेव्हा कानात सांगते. आपलं स्वप्न आपण चारचौघींत कसं सांगायचं? विधवेला असं स्वप्न पडलं म्हटल्यावर गल्लीत राहू देतील का? बिनलग्नाची बाई सांगेल का? मी म्हातारी. माझं म्हणून सांगितलं की कुणाला लाज नाही. त्यांना आपलंच स्वप्न परत ऐकायला मिळतं, आणि दिवस जातो.”

“म्हणजे तो माणूस...”

“त्यांच्यातल्या एकीला पडतो.”

“कुणाला?”

“ते सांगितलं तर तिच्याजवळ राहिलं काय?” पोशव्वा म्हणाली. “तिनं विश्वासानं दिलंय. तुम्ही रागावून नाव लिहिलंत, लिहा. पण ती रचून सांगत नव्हती. सांगताना तिची बोटं माझ्या हातात असायची, मला कळतं.”

आणि ती भिंत धरत निघून गेली. बसू का नको, याचं उत्तर मी दिलंच नाही.

मी खुर्चीवर बसलो तो बसलोच. मल्लव्वा नव्हे, हे उघड होतं. मग सुगुणा की बालामणी? बालामणी कशी असेल, तिनं तर सकाळीच वीस बायकांसमोर माझी अब्रू काढली होती. मग सुगुणा. पण सुगुणानं तीन वर्षांत माझ्याकडे मान वर करून पाहिलेलं मला आठवत नव्हतं. आणि हे सगळंच कार्ड वाचवायची युक्ती असेल तर? म्हातारी बाई, डोळे नसले तरी डोकं शाबूत. तीन महिने स्वप्नानं बांधून ठेवलं, आता ते तुटल्यावर दुसरी गाठ मारली. असंही असेल. पण मग तिनं कार्ड परत का मागितलं नाही? ते फळीवर ठेवून का गेली? मी स्वतःला मूर्ख म्हणायचो आणि लगेच मूर्ख नाही म्हणायचो. खरं सांगायचं तर मला त्या घडीला खरं-खोटं नकोच होतं. कुणीतरी एक बाई रोज रात्री माझे हात बघते आणि दार लावून घेत नाही, एवढंच मला हवं होतं, आणि ते हवं आहे या गोष्टीचीच मला लाज वाटत होती.

शनिवारी अकरा वाजता मी पाचव्या नावावर रेघ मारली. एका रेघेनं ते वाचता येत होतं म्हणून आणखी चार मारल्या. सायकल काढून हेड ऑफिसला गेलो.

गोसावींनी कागद बघितला आणि खोडलेलं नाव कुणाचं विचारलं. मी म्हणालो, चुकून लिहिलं होतं. मग पाचवं कुठं? मी म्हणालो, आमच्या शाखेत पाचवी वाईट हाताची बाई नाही. ते म्हणाले की प्रत्येक शाखेत असते, नसेल तर चेकर वाईट असतो. आठवड्याभरात माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत झाली. तिथं तंबाखूच्या गोदामात बसायचं होतं. चेकरची खिडकी गेली, पण पोशव्वाचं कार्ड राहिलं.

निघायच्या दिवशी कार्ड तिच्या हातात दिलं आणि बसा म्हणालो. ती म्हणाली, बसलेच आहे. बाकी तिघी खाली मान घालून पानं कापत होत्या. मी सगळ्यांकडे बघितलं, एकीनंही वर बघितलं नाही. मला वाटलं, संपलं.

पंधरा दिवसांनी सुगुणा गोदामाच्या दारात उभी राहिली. हातात पितळी डबा होता. मला वाटलं वाट चुकली असेल. तिनं डबा पोत्यावर ठेवला, आत भात आणि चिंचेचं सार होतं, आणि ती एवढंच म्हणाली, “पुढल्या गुरुवारी डबा न्यायला येते.” गुरुवारी आली ती दुसरा भरलेला डबा घेऊन. असे किती गुरुवार गेले मी मोजले नाहीत. तिचा भाऊ गोदामात येऊन माझी कॉलर धरून गेला, बार्शीच्या वहिनीनं जातीबाहेरच्या विधवेवरून चार पानी पत्र लिहिलं, आणि वर्षानं आम्ही रजिस्टर लग्न केलं. लग्नाला मल्लव्वा आली होती. पोशव्वाला रिक्षातून आणलं होतं. तिनं माझे दोन्ही हात धरून नुसते चाचपले. दोन वर्षांनी ती गेली.

मी सुगुणाला त्या स्वप्नाबद्दल कधी विचारलं नाही. पोशव्वानं सांगितलं होतं ना, सांगितलं तर तिच्याजवळ राहिलं काय. तिचं तिच्याजवळ राहू दे, मला ठाऊक आहे तेवढं पुरे, असं म्हणून मी एकतीस वर्षं काढली. आमचं बरं चाललं. मुलगी झाली, शिकली, पुण्याला नोकरीला लागली. माझं कोड पुढं सरकत सरकत खरोखरच कोपरापर्यंत आलं, आणि मला ते बघून कधीकधी हसू यायचं.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं चहाचे कप गोळा करत होतो. मुलाकडच्यांपैकी कुणी माझ्या हातांकडे बघितलंसुद्धा नव्हतं, आणि त्या आनंदात मी बोलून गेलो.

“तुला ते स्वप्न किती दिवस पडायचं गं?”

“कुठलं?”

“ओट्यावरचं. पांढऱ्या हातांचं. तांब्याचं.”

सुगुणा माझ्याकडे बघायला लागली. एकतीस वर्षांत तिचं मराठी माझ्यासारखं झालंय, पण गोंधळली की जुनं बाहेर येतं. “मला कुठं पडलं होतं? तुमालाच पडत होतं की.”

“मला?”

“तुमच्या स्वप्नात मी येत होते. तुमी पोशव्वाला सांगितलं होतं.”

मी कप खाली ठेवला. म्हणालो, मी असं कुणालाही सांगितलेलं नाही. मला आयुष्यात लक्षात राहील असं एक स्वप्न पडलेलं नाही. ती म्हणाली, पण मी त्याच्यावरच आले ना. त्याशिवाय मी डबा घेऊन परक्या माणसाच्या दारात कशी आले असते, मला काय लाज नव्हती? आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत होतो की चुकीच्या घरात शिरलोय की काय. मला तर क्षणभर भीतीच वाटली. एवढा संसार कशावर उभा होता तेच मला कळेना.

“पोशव्वानं सांगितलं तुला असं?” मी विचारलं.

“पोशव्वानं न्हाई,” ती म्हणाली. “बालामणीनं सांगितलं.”

“बालामणीनं?”

“तुमची बदली झाल्यावर. घरी आली होती माझ्या, दुपारची. म्हणाली, चेकरच्या स्वप्नात तू येतेस, पोशव्वाला त्यानंच सांगितलंय. म्हणाली, डबा घेऊन जा. मी म्हटलं, मी कशी जाऊ? तर म्हणाली, तुझ्यामागं सांभाळायचं कुणी न्हाई, तू जाऊ शकतेस.” सुगुणा खुर्चीवर बसली. “पहिला भात पण तिनंच रांधून दिला होता. भावजय मला डबा भरू देणार न्हाई म्हणून.”

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. मी आठवत होतो. आमच्या लग्नाला ती नव्हती. लग्नाच्या आठ दिवस आधी आंधळ्या बापाला घेऊन ती भिवंडीला निघून गेली होती. तिकडं मागावर काम मिळालं असेल, असं आम्ही म्हणालो होतो आणि पत्रिका मल्लव्वाकडं देऊन मोकळे झालो होतो. तिनं खिडकीत डोकं घालून घातलेली सगळी भांडणं मला आठवली. माझ्या हातांकडे एवढ्या जवळून रोज बघणारी दुसरी कुणी नव्हती, हे मला तेव्हा का सुचलं नाही?

मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या आतच कुठंतरी मला बरंही वाटलं, की ते स्वप्न रचलेलं नव्हतं, कुणाला तरी खरंच पडलं होतं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि सुगुणासमोर बसून ते वाटणं बरोबर की चूक, हे मला समजत नव्हतं. आजही समजत नाही.

सुगुणानं पदरानं तोंड पुसलं. तिला राग आला होता की रडू, मला ओळखता आलं नाही.

“भिवंडीत कुठं असती ती?” तिनं विचारलं.

“ठाऊक नाही.”

“मल्लव्वाच्या पोरांना म्हाईत असेल.”

“असेल. पण आता इतक्या वर्षांनी...”

“मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका तिला जाईल,” सुगुणा म्हणाली. “पोस्टानं न्हाई. तुमी स्वतः जाऊन द्यायची.”

मी म्हणालो, जाईन, पण तिला सांगू काय?

“काई सांगू नका,” ती म्हणाली. “तिनं पाणी दिलं तर प्या.”